काँक्रीटचे टेबल आणि आपले हात

चौसष्ट कलांची जी परंपरागत यादी आहे, तीत गायन, वादन, नर्तन यांच्या जोडीला तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे, धातुवादही आहे. आपल्या महाविद्यालयाच्या नावातला ‘कला’ हा शब्द त्याच कुळातला. पण आज ‘कलाशाखेचा विद्यार्थी’ म्हटले की, ज्याच्या बोटांना शाई आणि मोबाईलची काच यांखेरीज कशाचा स्पर्श होत नाही असा तरुण डोळ्यांसमोर येतो. श्रमिकांच्या साहित्यावर आपण दहा गुणांचे उत्तर लिहितो, श्रमविभागणीची व्याख्या तोंडपाठ करतो. मात्र ज्या वर्गात बसून हे सारे लिहितो, त्या वर्गाचा स्लॅब कशाचा आहे असे कोणी विचारले, तर ‘सिमेंटचा’ एवढेच सांगता येते. तेही उत्तर पुरते बरोबर नाही.

या लेखात मला एक साधी सूचना करावयाची आहे. पदवी हाती पडण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने काँक्रीटचे एक छोटे टेबल करावे. खाटेशेजारी किंवा खुर्चीशेजारी ठेवावे, त्यावर चहाचा कप आणि दोनचार पुस्तके मावावीत, एवढेच. ही सूचना ऐकून काहींना हसू येईल. ‘टेबलच हवे तर बाजारात प्लॅस्टिकचे मिळते की,’ असेही कोणी म्हणेल. टेबल बाजारात मिळते हे खरेच आहे. ते करताना जे मिळते ते बाजारात नाही, असे माझे म्हणणे आहे.

काँक्रीटच का?

लाकडाचे टेबल करायला रंधा, करवत, पटाशी चालवण्याचा वर्षानुवर्षांचा सराव लागतो. नवशिक्याला काँक्रीट त्या मानाने जवळ करते, कारण त्याचा आकार साचा ठरवतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपण लोणावळ्यात राहतो. २००२ साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आपल्या उशाशी आहे आणि तो काँक्रीटचा आहे. दर वर्षी डोंगरउतारावर नवे बंगले उभे राहतात, तेही काँक्रीटचे. मावळातल्या खाणींतून निघालेला काळा पाषाण क्रशरवर फुटतो आणि त्याची खडी होऊन तो आपल्याच घरांच्या भिंतींआड जातो. ज्या पदार्थाच्या पोटात आपण जन्मभर राहणार, त्याची साधी ओळखही आपल्याला नसावी, ही गोष्ट सुशिक्षितपणाला शोभणारी नाही.

तेव्हा ओळखीपासून सुरुवात करू. सिमेंट ही पूड आहे. चुनखडी आणि माती भट्टीत भाजून, दळून ती तयार होते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र कालवले की जो दगड बनतो तो काँक्रीट. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली इंग्लंडातल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतले. तो विटा रचणारा गवंडी होता. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याच्या कल्पनेला ज्याने चालना दिली, तो फ्रान्समधला जोसेफ मोनिए बागेत काम करणारा माळी. त्याला न फुटणाऱ्या कुंड्या हव्या होत्या, म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतले. आज ज्या तंत्रावर जगातली धरणे आणि पूल उभे आहेत, त्याच्या मुळाशी गवंड्याची थापी आणि माळ्याची कुंडी आहे. तेव्हा घरगुती टेबल करणारा काही भलतेच करतो असे समजण्याचे कारण नाही. लोखंड घातलेल्या काँक्रीटची सुरुवातच मुळी अशा घरगुती वस्तूपासून झालेली आहे.

करावे कसे?

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीच्या अंगणात आम्ही दोघींनी असे टेबल केले. शेजारी राहणारे गवंडीमामा आणि त्यांच्या घरच्या मावशी आमच्या मदतीला होत्या. मावशी बिगारी म्हणून कामावर जातात. त्या कामाचा तपशील देते, म्हणजे कोणाला करून पाहावयाचे असल्यास उपयोगी पडेल.

टेबलाचा वरचा भाग दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड इंच जाड धरा. एवढ्या काँक्रीटचे आकारमान सुमारे आठ लिटर भरते आणि वजन एकोणीस किलोच्या आसपास जाते. म्हणून टेबलाचे पाय रुंद अंतरावर आणि भक्कम हवेत. आम्ही भंगारवाल्याकडून जुन्या लोखंडी स्टुलाची चौकट आणून गंज खरवडून रंगवली.

साच्यासाठी गुळगुळीत प्लायवूड घ्यावे. तळाला एक फळी आणि चार बाजूंना दीड इंच उंचीच्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात. खिळे मारले तर साचा उघडताना कडा तुटतात. कोपरे गुण्या लावून तपासावेत, फटी मेणाने बुजवाव्यात आणि आतून तेलाचा हलका हात फिरवावा, म्हणजे माल चिकटत नाही. साचा पाणसळीत आहे की नाही हेही पाहावे. साच्यात जी बाजू खाली असते तीच पुढे टेबलाची वरची बाजू होते. तळाच्या फळीवर एक ओरखडा असला तरी तो टेबलावर कायमचा उमटतो.

आता माल. एक भाग सिमेंट, दोन भाग क्रश सँड आणि दोन भाग बारीक खडी. खडीचा सर्वांत मोठा तुकडा स्लॅबच्या जाडीच्या चौथाईहून मोठा नसावा असा नियम आहे. म्हणजे दीड इंचाला साधारण नऊ-दहा मिलिमीटरपर्यंतची खडी चालते. या हिशेबाने सिमेंट साडेतीन किलोच्या आसपास लागते. पन्नास किलोच्या एका गोणीत अशी बारातेरा टेबले सहज होतील. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट सुटे मिळते. मात्र गुठळ्या झालेले घेऊ नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गोणी उघडी राहिली की सिमेंट दमट होऊन बसते आणि त्याचा जोर जातो. सिमेंट कातडीला भाजते, तेव्हा रबरी हातमोजे घालावेत आणि कोरडा माल कालवताना नाकातोंडाला फडके बांधावे.

साचा दोनतृतीयांश भरला की वर जस्ताची जाळी अंथरावी, कडांपासून बोटभर आत ठेवावी आणि मग उरलेला माल भरावा. याचे कारण असे की, काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाला कच्चे असते. टेबलावर भार आला की खालच्या अंगाला ताण बसतो. साचा उलटा असल्यामुळे ती बाजू भरताना वर असते, म्हणून जाळी वरच्या अंगाला. माल भरताना साच्याच्या कडांवर लाकडी हातोड्याने ठोकत राहावे, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. बुडबुडे राहिले तर टेबलाच्या तोंडावर देवीचे व्रण दिसतात. दोन दिवस साच्याला हात लावू नये. नंतर साचा सोडवावा, स्लॅब ओल्या गोणपाटात गुंडाळावा आणि निदान दहा दिवस तो गोणपाट सुकू देऊ नये. शेवटी पाण्याचा पॉलिश पेपर फिरवून, पूर्ण वाळल्यावर मेण घासावे. लिंबू, चिंच, कोकम यांचे डाग मात्र पडू देऊ नयेत. आंबटाने सिमेंटचे तोंड खाल्ले जाते.

पाण्याचा हिशेब

या सगळ्यात खरी कसोटी पाण्याची आहे. पाणी जास्त घातले की माल सुखाने पसरतो, हाताला त्रास होत नाही आणि साचा पटकन भरतो. पण ते जादा पाणी पुढे उडून जाते, मागे सूक्ष्म छिद्रे राहतात आणि दगड दुबळा होतो. अमेरिकन संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली हे प्रयोगांनी दाखवून दिले की, काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. आमच्या साडेतीन किलो सिमेंटला त्या हिशेबाने पावणेदोन लिटरपर्यंत पाणी पुरे होते.

हा नियम मी नंतर वाचला. अंगणात तो मला मावशींनी सांगितला. पाणी किती घालायचे असे विचारल्यावर त्यांनी मालाची एक मूठ उचलून आवळली आणि उघडून दाखवली. “ह्यो असा लाडू राहिला पायजे. बोटांतनं पानी गळलं का समज माल मेला.” फावड्याखाली मालाचा आवाज बदलतो, तोही त्यांनी ऐकवला. कोरडा माल खरखरतो, पातळ झालेला पचपचतो, आणि मधला एक जाड, दबका आवाज येतो तेव्हा थांबायचे. एब्रॅम्सने जे आलेखावर मांडले ते या बाईंच्या कानात आहे. आणि तरीही साइटवर त्यांचे नाव ‘बिगारी’ असेच पडते. हजेरी त्या दराने लागते. बाई गवंडी झाल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. पण थापी पुरुषाच्या हातात आणि घमेले बाईच्या डोक्यावर अशी वाटणी एकदा करून टाकली की दोघांचे काम ‘समान’ ठरण्याचा प्रश्नच उरत नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात ज्याला श्रमाची लिंगाधारित विभागणी म्हणतात, ती मला पानावर समजली नव्हती. ती त्या मूठभर मालात समजली.

दुसरी गोष्ट वेळेची. काँक्रीट वाळून घट्ट होते असा आपला समज असतो. वास्तविक सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्याला पाणी मिळत राहिले तर ते बळावत जाते आणि लवकर वाळले तर तिथेच थांबते. म्हणूनच नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून पाणी मारतात. पहिल्या आठवड्यात त्याची ताकद साधारण दोनतृतीयांश येते, आणि नियमाप्रमाणे परीक्षा घ्यावयाची ती अठ्ठाविसाव्या दिवशी. आदल्या रात्री जागून काही साधत नाही. परीक्षेच्या बाबतीत आपली जी रीत आहे तिच्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नसावी.

दगडाने लाकडाचे सोंग

लोणावळ्याच्या आपण मुलांना या बाबतीत एक मोठा लाभ आहे. लोकलने मळवलीला उतरले की एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांची कार्यशाळाच आपल्या दारात आहे. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार बाहेर ढकलतो, त्याला आवर घालण्यासाठी खांब असे कलते ठेवावे लागत. डोंगरात कोरलेल्या लेण्याला त्याची काहीच गरज नव्हती. तरी कारागिराने सवयीने ते तसेच कोरले. कार्ल्याच्या चैत्यात तर दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आजही जागेवर आहेत. छत त्या कमानींनी तोललेले नाही. नवा पदार्थ हाती आला तरी माणसाचा हात जुन्या पदार्थाची भाषा बोलत राहतो, याचा हा उत्तम पुरावा.

काँक्रीटनेही तेच केले आहे. आपल्या बागांतून सिमेंटचे बाक झाडाच्या बुंध्यासारखे घडवून वर तपकिरी रंग फासलेले दिसतात. त्यावर सालीच्या रेघा असतात, तोडलेल्या फांदीचे वर्तुळही असते. कार्ल्याच्या कमानींत एक श्रद्धा होती. या बुंध्यात मला फक्त संकोच दिसतो. सिमेंटला सिमेंट म्हणून पुढे यायची लाज वाटते, असा तो संकोच. आमच्या टेबलाला रंग द्यावा, वर लाकडी छापाचा कागद चिकटवावा, अशी सूचना घरून आली होती. आम्ही तो राखाडीच ठेवला. जवळून पाहिले तर त्यात खडीचे काळे ठिपके दिसतात. आपल्याच डोंगराचा तो तुकडा आहे, त्याला सागवान म्हणवून घेण्याचे काय कारण?

येथे दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे. हल्ली शहरांतल्या सजावटीच्या दुकानांत ओबडधोबड काँक्रीटची टेबले भरमसाट किमतीला विकली जातात. आठवड्याच्या शेवटी उघडणाऱ्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत ती विराजमान होतात. ज्या मालाने माखलेला माणूस त्या दिवाणखान्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही, तोच माल फॅशन म्हणून गालिच्यावर बसतो. ही विसंगती ज्याला टोचत नाही त्याने घरी टेबल केले काय आणि दुकानातून आणले काय, फरक एवढाच की त्याचे थोडे पैसे वाचतील.

नाव कोणाचे?

काँक्रीटचे सामान आपल्या गावात नवे नाही. एस.टी. थांबा, देवळाचा पार, तलावाचा काठ, कोठेही पाहा, सिमेंटचा बाक आहेच. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरे असतात. कोणाच्या तरी स्मरणार्थ, नाहीतर कोणाच्या तरी सौजन्याने. देणाऱ्याचे नाव असते, ज्यांच्यासाठी दिला त्यांचेही असते. करणाऱ्याचे नाव मात्र मी अजून एकाही बाकावर वाचलेले नाही.

हे असेच चालत आले आहे असे मात्र म्हणता येणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. तो धनिक होता, त्याचे नाव असणारच. पण त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव कोरलेले आहे, आणि प्रवेशद्वाराचे काम त्याने केले असे तो लेख सांगतो. भाज्याला एका विहाराच्या दारावर हालिकाच्या, म्हणजे नांगर हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या, बायकोचे नाव आहे. सुताराचे आणि शेतकऱ्याच्या बायकोचे नाव दगडावर राहावे एवढी जागा त्या काळच्या मावळात होती. आपल्याच घाटाकडे पाहा. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली धावू लागली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या मृत्यूनंतर ते काम तडीस नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस, ही नावे इतिहासात नोंदली गेली. तो कातळ फोडताना हजारो मजूर मेले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आमच्या टेबलाच्या खालच्या बाजूला ओल्या मालात खिळ्याने चार नावे कोरलेली आहेत. त्यांत पहिले नाव मावशींचे आहे. त्यांनी ते स्वतः कोरले. खिळा हातात धरल्यावर त्या बराच वेळ थांबल्या होत्या. “सही कराया कुनी सांगत न्हाई आमाला,” एवढेच बोलल्या.

काही आक्षेप

या सूचनेवर आक्षेप येणार हे मी जाणते. पहिला असा की, सुशिक्षितांनी गवंडीकाम करून गरिबाच्या पोटावर का पाय द्यावा? हा आक्षेप वरवर फार कनवाळू वाटतो. पण एक टेबल केल्याने कोणाची मजुरी बुडत नाही. मजुरी बुडते ती घासाघिशीने, आणि घासाघीस तोच निर्धास्तपणे करतो ज्याने कधी घमेले उचललेले नाही. एकोणीस किलोच्या स्लॅबसाठी आमचे दोन दिवस खांदे भरून आले. दिवसभर जिन्यावरून घमेली वाहणाऱ्या बाईला ‘एवढे पैसे कशाचे?’ असे विचारण्याची छाती मला यापुढे होणार नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. तो अधिक गंभीर आहे. जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. मावळातल्या टेकड्या खाणींनी कशा कुरतडल्या गेल्या आहेत ते आपण रोज पाहतो. आमच्या टेबलाच्या सिमेंटपायी जेवढा वायू हवेत गेला असेल, तेवढा मोटारीत सव्वा लिटर पेट्रोल जाळले की जातो. मुंबईहून येणाऱ्या एका सहलीपेक्षा तो कमीच. तथापि त्यामुळे प्रश्न मिटत नाही. मला वाटते, ज्याने खडी आणि वाळू घमेल्याने मोजली आहे, त्यालाच एका बंगल्यात किती डोंगर जिरतो याचा अंदाज येतो. एकेकाळी सिमेंट सरकारी परवान्यावर मिळे. त्याच्या वाटपावरून उठलेल्या वादळात, न्यायालयाच्या निकालानंतर, १९८२ च्या जानेवारीत आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. त्याच वर्षी नियंत्रण सैल झाले आणि १९८९ साली ते पूर्णपणे उठले. टंचाई संपली ते चांगलेच झाले, परंतु टंचाईबरोबर मोजून वापरण्याची सवयही गेली.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा: ‘आम्ही साहित्याचे विद्यार्थी, हे काम आय.टी.आय.चे.’ या वाक्यात जी पायरी दडलेली आहे ती जातीच्या पायरीपासून फार दूर नाही. दगड फोडणारा वडार, दगड घडवणारा पाथरवट, भिंत रचणारा गवंडी, यांना एका बाजूला ठेवून ‘विद्या’ दुसऱ्या बाजूला नेली गेली, त्याचीच ही आजची सुशिक्षित आवृत्ती आहे. ज्या महात्मा फुल्यांवर आपण निबंध लिहितो, ते बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हलाखीबद्दल त्यांनी जे लिहिले त्याला वजन का आहे, याचे एक कारण येथे सापडते.

आपल्याच भागातले दाखले

हाताने काम करीत शिकण्याची कल्पना आपल्याला कोठून आयात करावयाची नाही. १९०८ साली आपल्याच तालुक्यात, तळेगावला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने काच कारखाना काढला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेतून महाविद्यालयापर्यंत नेले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली त्याच पायावर उभे राहिले. आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे शाळा सुटलेली मुले वेल्डिंग, शेती, वीजजोडणी यांबरोबर फेरोसिमेंटची कामेही शिकतात. फेरोसिमेंट म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवण्याचे तंत्र, मोनिएच्या कुंडीचेच भावंड.

आपल्याकडेही राष्ट्रीय सेवा योजना आहे. देशात ती १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरांत आपण श्रमदान करतो. पण तेथे घमेले हातात येते ते बहुधा छायाचित्रापुरते. बंधाऱ्याची रेघ कोणी आखली, मालाचे प्रमाण कोणी ठरवले, पुढे त्यावर पाणी कोणी मारले, याची चौकशी आपण करीत नाही. सात दिवसांनी गाडीत बसून परत येतो आणि बंधारा त्याच दिवशी खरा भुकेला असतो पाण्याला.

सूचना

तेव्हा प्राचार्यांपुढे, प्राध्यापकवर्गापुढे आणि विद्यार्थी मंडळापुढे मी पुढील सूचना ठेवते. वाचनालयात खुर्च्यांशेजारी टेबले नाहीत. पुस्तके मांडीवर किंवा जमिनीवर ठेवावी लागतात. यंदा स्नेहसंमेलनाच्या आधीच्या महिन्यात विद्यार्थ्यांनी अशी आठ टेबले करावीत. एका गोणीहून कमीच सिमेंट लागेल. साच्यांचे प्लायवूड पुढच्या वर्षीही वापरता येईल. थंडीचे दिवस त्याला सोयीचे, आणि गोणपाटावर पाणी मारण्याची पाळी वर्गवार लावता येईल.

या कामाला एक गवंडी आणि एक बिगारी बाई यांना निमंत्रित करावे. त्यांना रोजाने न बोलावता, बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्यांना महाविद्यालय जे मानधन देते तेच द्यावे, आणि दोघांना सारखे द्यावे. सूचनाफलकावर त्यांचे नाव ‘अतिथी मार्गदर्शक’ या शीर्षकाखाली यावे. माझ्या दृष्टीने संपूर्ण सूचनेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि अडचण येईल ती येथेच, हेही मला माहीत आहे. पदवी नसलेल्या माणसाला मानधन कोणत्या खात्यातून द्यायचे, व्हाउचरवर पात्रता काय लिहायची, असे प्रश्न निघतील. ते अवश्य निघावेत. त्यांवर कार्यालयात बसून चर्चा व्हावी. ज्या इमारतीत बसून ती चर्चा होईल ती कोणत्या पदवीधराने बांधली, एवढा एक प्रश्न त्या चर्चेत कोणीतरी विचारावा.

टेबलांवर नावे कोरावीत. ज्यांनी माल कालवला त्या सर्वांची, खालच्या बाजूला नको, वाचताना नजरेस पडतील अशी. देणगीदारांसाठी भिंतीवर पुष्कळ जागा आहे.